झाकणबाईच्या दोन कवळ्या

समोरच्या दारातल्या बाईला झाकणबाई हे नाव मी दिलं. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको. आमच्या इमारतीत नावं ठेवायचं खातं माझ्याकडेच आहे. तळमजल्यावरच्या वकिलाला 'तारीख' आणि गच्चीतल्या दोरीवरून रोज भांडणाऱ्या नवरा-बायकोला 'चिमटे' हीसुद्धा माझीच कामगिरी. पण झाकणबाई सगळ्यात जास्त चाललं. तिच्या तोंडावरही चाललं. तिला राग आला नाही, किंवा आला असेल तर तोही तिने हाताखाली घातला असेल.

कारण ती तोंड झाकायची. बोलताना चार बोटं ओठांवर, हसताना अख्खा तळवा, आणि फारच हसू फुटलं तर सरळ भिंतीकडे तोंड. मी मुद्दाम हसवायची. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत असली की मधल्या वळणावर गाठायची आणि वकिलाचा एखादा ताजा किस्सा सोडायची. बिचारी पिशव्या पायरीवर टेकवायची, हात तोंडावर न्यायची आणि मग हसायची. त्या क्रमानेच.

"ताई, एक दिवस माझे कांदे तळमजल्यापर्यंत जातील तुमच्यामुळे."

"जाऊ देत की. वकिलाला पुरावा मिळेल."

लहानपणी नळाच्या ओट्यावर पडून तिचे पुढचे दोन दात अर्धे तुटले होते. ज्या घरात भाकरीचे तुकडे मोजून वाढतात तिथे दाताच्या तुकड्याकडे कोण बघतंय? ते काळे पडले, शेजारचे हलायला लागले, आणि चाळिशीपर्यंत तोंडात जे उरलं ते न दाखवण्यासारखंच होतं.

आता खरी गंमत ऐका. हिचा नवरा कवळ्या बनवायचा.

अगदी खरं. दातांच्या डॉक्टरांसाठी काम करणारी एक छोटी लॅब आहे, तिथे तो तीस वर्षांपासून आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचा, लॅबवाले प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, मग प्लॅस्टिकची गुलाबी हिरडी शिजवून, घासून, चकचकीत करून परत. मी त्यांना भावजी म्हणायची. भावजींच्या बोटांना कायम पांढरी भुकटी असायची. आमचे हे म्हणायचे, "हा माणूस पीठ मळून आलाय की काय?"

लॅबची एक रीत होती. तिथे पेशंटचं नाव कधी यायचं नाही. नुसता नंबर, बाई की पुरुष, वय, आणि डॉक्टरने चिठ्ठीत खरडलेली एखादी ओळ. मोठ्या घरच्या लोकांना आपले दात खोटे आहेत हे कुणाला कळू द्यायचं नसतं, म्हणून ही व्यवस्था. भावजींना गावातले निम्मे जबडे ठाऊक होते आणि त्यातल्या एकाचाही चेहरा माहीत नव्हता.

एकदा मी त्यांना विचारलं, "भावजी, पैसेवाल्यांचे दात वेगळे करता का हो?"

"वेगळेच," ते म्हणाले. "आपल्यातला माणूस आला की म्हणतो, पांढरे करा, सरळ करा, नवे दिसू देत. मोठ्या घरचा म्हणतो, माझेच वाटू देत. मग त्यात मुद्दाम खोड ठेवायची. एक दात केसभर वाकडा. कडा जरा झिजलेल्या. मुळाशी थोडा पिवळा रंग. लहानपणापासून दूध पिऊन, चांगलं खाऊन, हळूहळू म्हातारे झालेले दात. ते करायला जास्त वेळ लागतो."

"म्हणजे त्यांना खोटे दात खरे दिसायला हवेत, आणि आपल्याला खोट्याचीच हौस!"

"हौस नाही, वहिनी. आपल्याकडे खरे कसे दिसतात ते कुणी पाहिलेलंच नसतं."

एखादं काम फार मनासारखं झालं की ते त्याची प्लॅस्टरमध्ये नक्कल ओतून घरी आणायचे. बाहेरच्या खोलीत फळीवर तीन-चार होत्या. त्यातली चारशे बारा नंबरची त्यांची लाडकी. झाकणबाई रोज फडक्याने त्यांच्यावरची धूळ पुसायची. पण स्वतःचं तोंड नवऱ्यापुढे उघडायची नाही. जेवतानासुद्धा जरा कोनात बसायची. अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि भावजी मला म्हणाले होते, "सगळ्या गावाचं माप घेतलंय, घरचंच राहिलंय."

ती स्वतः कामाला होती एका मॅडमकडे. मोठा बंगला, मोठ्या मॅडम, एकट्या. स्वयंपाकाला वेगळी बाई, झाडायला वेगळी. हिचं काम म्हणजे मॅडमचं सगळं: औषधं, कपडे, केस, पाहुणे, चष्मा कुठे ठेवलाय ते. एकोणीस वर्षं. आणि एकोणीस वर्षांत तिने मला त्या घरातली एक गोष्ट सांगितली नाही. मी काय कमी खोदलं असेल? "मॅडम झोपताना काय घालतात गं?" "कपडे." बस्स.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिचे उरलेसुरले दातही डॉक्टरने काढून टाकले आणि ती अखेर नवऱ्यासमोर तोंड उघडून बसली. भावजींनी दोन महिने घेतले. लॅबचं काम संपवून घरच्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात बसायचे. पुढ्यात स्पिरिटचा दिवा, मेण आणि फळीवरून काढलेली ती चारशे बारा. बायकोला द्यायचं तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम द्यायचं, एवढाच त्यांचा हिशोब. दात न् दात त्याच चालीने बसवला. डावीकडचा दुसरा केसभर पुढे, खालच्या कडा झिजलेल्या.

ज्या दिवशी ती नवी कवळी घालून माझ्या दारात आली, त्या दिवशी मी तिला खरंच ओळखलं नाही. मला वाटलं, कुणीतरी वर्गणी मागायला आलंय, चांगल्या घरचं. मग ती हसली. हात अर्ध्यावर आला, थबकला, आणि खाली गेला.

"अगंबाई! महाराणी आल्या! अहो, उठा, खुर्ची द्या!"

आमचे हे खरोखर उठले. चेष्टेने नव्हे हो, आपोआप. ते पाहून ती इतकी हसली, इतकी हसली, आणि भिंतीकडे वळली नाही. तिचं हसणं घंटीसारखं होतं, हे मला शेजाराच्या सोळाव्या वर्षी कळलं.

पुढचे पाच आठवडे तिचे होते. किराणावाला तिला 'अहो, बाई' म्हणायला लागला. आधी नुसतं 'हं, काय?' होतं. बँकेतल्या मुलीने तिला आधी बसायला सांगितलं. साडी तीच, चप्पल तीच, बाई तीच. ती मला म्हणाली, "ताई, लोक माझं वाक्य संपेपर्यंत थांबतात आता." हे ती अशा काही आवाजात म्हणाली की माझ्यासारखीला उलट चेष्टा सुचली नाही. भावजी तर जेवताना तिच्यासमोर बसायचे आणि घास तोंडात न घालता बघत राहायचे.

मग मॅडमची मामेबहीण आली.

ती लांब राहायची, पंधरा-सोळा वर्षांनी येत होती. झाकणबाईने दार उघडलं आणि रिवाजाप्रमाणे हसून "या" म्हटलं. पाहुणीने तिला मिठीच मारली. हात धरून आत नेलं, सोफ्यावर स्वतःशेजारी बसवलं आणि म्हणाली, "तू कुणाची गं? धाकट्या मामांची ना? हसणं अगदी आमच्या ताईचं! तरुणपणी हुबेहूब अशीच हसायची ती."

झाकणबाईच्या तोंडातून शब्द फुटायला अर्धं मिनिट लागलं. तेवढा वेळ ती सोफ्यावर बसून राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेवढ्यात मॅडम जिन्यावरून खाली आल्या.

"चहा घेऊन ये," मॅडम तिला म्हणाल्या.

पाहुणी शरमली, सॉरी सॉरी म्हणाली, मग हसण्यावारी नेलं. मॅडम हसल्या नाहीत. पाहुणी गेल्यावर त्यांनी हिला स्वतःच्या खोलीत बोलावलं, दार लावलं.

"हे कुठून आणलंस?"

"मिस्टरांनी केले. त्यांचं तेच काम आहे."

"कुठल्या डॉक्टरकडचं काम करतो तो?"

तिने डॉक्टरचं नाव सांगितलं. मॅडम आरशासमोर गेल्या. एकदा स्वतःकडे बघितलं, एकदा आरशातूनच हिच्याकडे. तेव्हा कुठे हिच्या लक्षात आलं. एकोणीस वर्षं मॅडमची कवळी रोज सकाळी ब्रशने धुऊन हातात देणारी ती. पण फळीवरचं पांढरं प्लॅस्टर वेगळं दिसतं, हातात धरलेले दात वेगळे आणि तोंडात गेलेले वेगळे. स्वतःच्या आरशात तिला इतके दिवस फक्त स्वतःच दिसली होती.

चारशे बारा म्हणजे मॅडम.

बघा आता. मॅडमचे दात खोटे आहेत हे तिला माहीत होतं, पण ते मॅडमचं गुपित, म्हणून तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. चारशे बाराची नक्कल करतोय हे नवऱ्याला माहीत होतं, पण नंबरामागे कोण हे विचारायचं नसतं, म्हणून त्यानेही कधी विषय काढला नाही. दोघांपैकी एकाला जरी माझी जीभ असती, तर हे झालं नसतं. चांगल्या माणसांचं असं होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "माझ्या घरात हे घालून यायचं नाही."

त्या दिवशी ती घरी आली ती तोंडावर हात ठेवून. मी दारातच होते, मी नेहमी दारातच असते. दोन दिवसांत सगळं काढून घेतलं तिच्याकडून. त्या वेळी मात्र तिने सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

भावजी म्हणाले, "सोड ते काम."

"आणि त्यांच्या गोळ्या कोण देणार? सकाळची कुठली, जेवणानंतरची कुठली, कुणाला ठाऊक आहे?"

"दुसरी बाई शिकेल."

"शिकेल," ती म्हणाली. "मग मी कोण?"

मी म्हटलं, "अगं पण ही तुझ्या नवऱ्याची कलाकारी. तुझी आहे. तिच्या बापाची आहे का?"

"ताई, मला ती तोंडात घेतली की चोरीचा माल घातल्यासारखं होतं. मी हसते आणि मला त्या दिसतात."

शेवटी भावजींनीच दुसरी कवळी केली. आठवड्यात झाली. दुकानात कार्डावर चिकटवून मिळतात तसले तयार दात, पांढरेशुभ्र, एका रेषेत, न्हाणीघराच्या टाइल्ससारखे. लांबून ओरडून सांगणारे की आम्ही कवळी आहोत. ती घालून ती कामावर गेली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे छान आहेत. तुला हे शोभतात."

आता ठरलं असं की कामावर टाइल्स, घरी महाराणी. संध्याकाळी आली की हातपाय धुवायची, आतल्या खोलीत जायची आणि चांगली कवळी घालून बाहेर यायची. कामाची कवळी पाण्याच्या ग्लासात खिडकीवर. लोक घरी येऊन कपडे बदलतात, ही तोंड बदलायची. हा विनोद मीच केला होता. तिलाही आवडला होता.

पुढचं मात्र मला सांगायला आवडत नाही. पण सांगते.

एका रविवारी ती घाईत कामाच्याच कवळीने माझ्याकडे साखर मागायला आली. मी पाहिलं, आणि म्हटलं, "हे बरे बाई. हे आपल्यातले वाटतात. त्या दुसऱ्या दातांत तू बोलायला लागलीस की मला उगाच पदवी परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं."

ती हसली. साखर घेतली, वाटीवर हात ठेवला आणि गेली. मी तेव्हा सहज बोलले होते. मी सगळंच सहज बोलते. पण त्यानंतर मी तिच्या तोंडात चांगली कवळी पाहिली नाही. रविवारीही नाही. खिडकीवरच्या ग्लासात आता ती चांगली असायची, रोजची रोज पाणी बदललेली. मॅडमनी त्या कवळीला एका घरातून काढलं होतं. दुसऱ्या घरातून कुणी काढलं ते मला माहीत आहे.

सहा वर्षं गेली. हात तोंडावर परत यायला लागला, तेही हळूहळूच. तुम्ही म्हणाल, आता कशाला, आता तर सगळे दात सरळ होते. होते ना.

परवाच्या थंडीत मॅडमकडे पडदे काढता काढता ती स्टुलावरून उतरून खाली बसली. पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत थांबली नाही. हॉस्पिटलातून तिला घरी आणलं तेव्हा नर्सने भावजींच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली होती. घड्याळ, चष्मा, कामाची कवळी.

तिला न्यायला गाडी चार वाजता येणार होती. तीनला मी आणि भावजी आतल्या खोलीत, ती पलंगावर. दात नसल्यामुळे तिचे गाल आत गेले होते, एकदम म्हातारी दिसत होती, त्रेपन्नाची बाई. भावजींनी एका हातात पिशवी धरली होती आणि दुसऱ्या हातात खिडकीवरचा ग्लास.

"वहिनी, कोणती?"

"विचारता काय? ती," मी ग्लासाकडे बोट केलं. 

त्यांनी चांगली कवळी धुतली, पुसली आणि अलगद घालायला गेले. बसेना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने उचलायची. ओठ मिटेनात. भावजींनी ती बाहेर काढून उजेडात उलटसुलट बघितली, जसे गिऱ्हाइकाची बघायचे.

"सहा वर्षं घातली नाही. हिरड्या झिजल्या. कवळी तीच आहे, तोंड बदललंय." मग म्हणाले, "मेण लावून बसवता येईल. वीस मिनिटं द्या मला."

बाहेर अर्धी इमारत उभी. वकील सारखा घड्याळ बघत होता. आयुष्यभर मी ज्या जिभेपायी शिव्या खाल्ल्या, ती घेऊन मी दारात जाऊन उभी राहिले आणि सुरू झाले. तिचे कांदे घरंगळल्याची गोष्ट सांगितली. तिने चिमट्यांचं भांडण कसं मिटवलं ते सांगितलं. मिटवलं नव्हतं, पण चिमटे दोघेही रडायला लागले. मागून स्पिरिटचा वास येत होता आणि मी त्या वासावर बोलत होते.

तेवढ्यात मॅडम आल्या. काठी टेकत, तीन जिने चढून. सगळे बाजूला सरले, वाट झाली. मी सरले नाही.

"मला आत जाऊ दे."

"दोन मिनिटं, मॅडम. तिची तयारी चाललीय."

"पंचवीस वर्षं होती ती माझ्याकडे."

"आमच्याकडे बावीस," मी म्हटलं. "मीसुद्धा बाहेरच उभी आहे."

मॅडम थांबल्या. दम लागला होता त्यांना. कुणीतरी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

भावजींनी दार उघडलं तेव्हा ती पुन्हा त्रेपन्नाची झाली होती. गाल भरले होते. ओठ मिटले होते, नीट, सहज. आत काय आहे ते बघणाऱ्याला कळायचा प्रश्नच नव्हता. मॅडम बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दात घातलेत ना तिचे?" त्यांनी विचारलं.

"घातलेत," भावजी म्हणाले. "तिचेच घातलेत."

मॅडमना रडू फुटलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. रडताना सगळ्यांचाच जातो. पण मला ते बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

याला आता पाच महिने होतील. भावजी अजून लॅबमध्ये जातात. घरी आले की दार उघडं ठेवून बसतात, मी जाताना दोन शब्द टाकावेत म्हणून. मी टाकते, पण पूर्वीसारखं जमत नाही. काही बोलायच्या आधी मी आता थांबते, आणि थांबलं की त्यातलं निम्मं बोलण्यासारखं नव्हतंच असं कळतं.

गेल्या मंगळवारी मी त्यांना आमटी द्यायला गेले. खिडकीवर तो ग्लास होता. पाण्याने भरलेला, आणि आत कवळी. मी भांडं खाली ठेवून वाकून पाहिलं. डावीकडचा दुसरा केसभर पुढे.

"भावजी, ही..."

"चारशे बारा," ते म्हणाले. "बेसिनमध्ये पडून तडा गेला. डॉक्टरने दुरुस्तीला पाठवलीय." ते टेबलाशी बसले होते, पण टेबलावर काहीच मांडलेलं नव्हतं. ना दिवा, ना मेण.

"मोठं काम आहे का?"

"नाही. अर्ध्या तासाचं. कालच झालं." त्यांनी ग्लास जरा उजेडाकडे सरकवला. "डॉक्टरला सांगितलंय, शुक्रवारपर्यंत लागेल."